ब्रेक दाबताच मोटार बाजूला का ओढते?



मोटारीचा ब्रेक हा गॅरेजातला विषय. तो व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कशासाठी, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात येणे साहजिक आहे. ज्यांच्या दारात मोटार नाही त्यांना तर ह्या विषयाशी आपला काही संबंध नाही असेच वाटेल. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल की, हा विषय मोटार चालविणाऱ्याइतकाच रस्त्याने पायी चालणाऱ्याचाही आहे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात. जोराचा ब्रेक लावताच जी मोटार डावीकडे झेपावते ती कडेने चालणाऱ्या माणसांकडे झेपावते, आणि जी उजवीकडे झेपावते ती समोरून येणाऱ्या वाहनाच्या तोंडी जाते. निरुपद्रवी अशी तिसरी बाजू रस्त्याला नसते.

दुसरे असे की, हा दोष मोठा लबाड आहे. नेहमीच्या हलक्या ब्रेकला तो बहुधा दिसत नाही. दिसलाच तर हाताला किंचित ओढ जाणवते, आणि चालक नकळत स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला थोडे धरून ठेवू लागतो. महिन्या-दोन महिन्यांत ती सवय इतकी अंगवळणी पडते की, गाडी ओढते ह्याचाच त्याला विसर पडतो. मग एखाद्या दिवशी गल्लीतून सायकलवाला अचानक आडवा येतो, सर्व बळानिशी पाय ब्रेकवर पडतो, आणि इतके दिवस दडून बसलेला दोष पूर्ण ताकदीने बाहेर पडतो. ज्या यंत्राची पहिली खरी परीक्षा संकटाच्या क्षणीच व्हावयाची, त्याची परीक्षा आपण आधी शांतपणे घेऊन ठेवणे एवढाच शहाणपणाचा मार्ग उरतो. ती कशी घ्यावी हे सांगण्याचा आज विचार आहे.

दोन बैल, दोन चाके

बैलगाडी हाकणारा गाडी वळवितो कशी, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. डावीकडे वळावयाचे तर तो डाव्या बैलाची वेसण ओढून त्याला आवरतो. उजवा बैल चालतच राहतो आणि गाडी डावीकडे वळते. शेतातल्या ट्रॅक्टरची गोष्ट तीच. त्याच्या मागच्या डाव्या व उजव्या चाकांना स्वतंत्र ब्रेक असतात. बांधाजवळ कमी जागेत वळताना शेतकरी एकाच बाजूचा ब्रेक दाबतो आणि ट्रॅक्टर त्या चाकाभोवती गरकन फिरतो. रस्त्यावर येताना मात्र दोन्ही पेडल खिळीने एकत्र अडकवावी लागतात. ती न अडकविता वेगात ब्रेक दाबला तर काय अनर्थ होईल, हे वेगळे सांगावयास नको.

मोटार बाजूला ओढते तेव्हा नेमके हेच घडत असते. दोन्ही बाजूंची चाके सारखी आवरली गेली तर गाडी सरळ थांबते. एक बाजू अधिक आवरली गेली तर गाडी त्या बाजूला वळते. तत्त्व एवढेच.

आता थोडे आकडे पाहू. एक हजार किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या ब्रेकने ती सुमारे २० मीटरांत थांबते. त्यासाठी चारही चाकांनी मिळून साधारण ७०० किलो वजनाइतका मागे ओढणारा जोर लावावा लागतो. ब्रेक लावताना गाडीचे नाक खाली दबते, म्हणजेच भार पुढच्या चाकांवर येतो. त्यामुळे ह्या जोरापैकी सुमारे सत्तर टक्के वाटा पुढची दोन चाके उचलतात. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २४५ किलो आले. समजा, काही कारणाने उजव्या चाकाचा ब्रेक ६० टक्केच काम करतो. तो १४७ किलो जोर देईल, आणि दोन बाजूंमध्ये जवळजवळ १०० किलोंचा फरक पडेल. चाक गाडीच्या मध्यरेषेपासून सुमारे पाऊण मीटर दूर असते. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ७० किलोंचा माणूस लोंबकळला असता जेवढा पीळ बसेल, तेवढा पीळ गाडीला डावीकडे फिरवू लागतो.

हीच गाडी सिग्नलपाशी सावकाश थांबविताना एकूण जोर पाचवा हिस्साच लागतो, म्हणून पीळही पाचवा हिस्साच पडतो. तो चालकाचा हात सहज पोटात घालतो. प्रमाण तेच, दोष तोच. परंतु एके ठिकाणी तो कुरकुर करतो आणि दुसरे ठिकाणी घात करतो. ‘रोज गाडी सरळ थांबते’ हा ब्रेक ठीक असल्याचा पुरावा का होऊ शकत नाही, हे ह्यावरून ध्यानात येईल.

पाच कड्यांची साखळी

ब्रेकच्या पेडलपासून रस्त्यापर्यंत जोर कसा पोचतो हे समजल्यावाचून दोष शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. आरंभीच्या मोटारींत पेडलचा ओढा लोखंडी दांड्यांनी आणि तारांनी चाकांपर्यंत नेलेला असे. चारही तारा सारख्या ताणलेल्या ठेवणे हे मोठे जिकिरीचे काम होते. पुढे द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. १९२१ साली अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीला चारही चाकांवर असे ब्रेक बसविले गेले. त्यांच्या मुळाशी सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल ह्याचा सिद्धांत आहे: बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक-ऑईलवर दाब पडतो आणि तो नळ्यांमधून डाव्या व उजव्या चाकांकडे सारखाच जातो.

मग गाडी ओढण्याचे कारण काय उरले? कारण असे की, दाब सारखा असला म्हणजे रोध सारखा झाला असे नाही. मध्ये पाच कड्या आहेत. पहिली कडी: दाब चाकापर्यंत पोचला पाहिजे. दुसरी: त्या दाबाने पिस्टन सरकून पॅड किंवा शू दाबले गेले पाहिजेत. तिसरी: पॅड आणि तबकडी, अथवा लायनर आणि ड्रम, ह्यांच्यात पुरेसे घर्षण झाले पाहिजे. चौथी: टायरने रस्ता धरला पाहिजे. आणि पाचवी, जी बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: हे सर्व चालू असता चाक आपल्या जागेवर, सरळ उभे राहिले पाहिजे. ह्यांपैकी कोणतीही कडी एका बाजूला कमजोर झाली की तराजू कलतो. निदान करावयाचे म्हणजे कोणती कडी तुटली हे ओळखावयाचे.

हत्याराआधी प्रश्न

चांगला वैद्य औषधाच्या पेटीला हात घालण्यापूर्वी रोग्याला चार प्रश्न विचारतो. चांगला मिस्त्रीही तसेच करतो. ते प्रश्न मालकाने स्वतःलाच आधी विचारून ठेवावेत.

गाडी केवळ ब्रेक लावल्यावर ओढते की एरवीही? एरवीही ओढत असेल तर टायरमधील हवा, चाकांची जुळणी म्हणजे अलाइनमेंट, किंवा कोठेतरी घासत राहिलेला ब्रेक ह्यांचा संशय घ्यावा. गाडी एरवी सरळ चालते आणि ब्रेकलाच ओढते, तर पहिल्या झटक्यास अलाइनमेंट करून घेणे म्हणजे ताप आला असता चष्मा बदलण्यासारखे आहे. पैसे जातात आणि दुखणे राहते.

ओढ नेहमी एकाच बाजूला असते का? रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता बांधलेला असतो. त्यामुळे डाव्या कडेने चालणारी निर्दोष गाडीही जराशी डावीकडे जाते. शिवाय डावी चाके कडेच्या वाळूवर आणि उजवी डांबरावर असतील तर जोराच्या ब्रेकला ती उजवीकडे वळेल. कारण डांबरावरचे चाक अधिक धरते. म्हणून एकाच जागी झालेल्या अनुभवावरून निर्णय घेऊ नये. मोकळ्या सपाट रस्त्यावर, दोन्ही दिशांनी जाऊन पाहावे.

ब्रेक थंड असता ओढते की तापल्यावर? ओढ लगेच येते की क्षणभराने? पाय काढल्यावर ती थांबते की काही वेळ टिकते? स्टिअरिंगला हिसका बसतो की स्टिअरिंग शांत राहून गाडीचा मागचा भाग सरकतो? आणि शेवटचा प्रश्न: हे केव्हापासून सुरू झाले? टायर बदलल्यापासून, पॅड बदलल्यापासून, मोठ्या खड्ड्यात चाक आदळल्यापासून, की पाण्यातून गाडी नेल्यापासून? ह्या प्रश्नांच्या उत्तरांतच अर्धे निदान असते.

कोठे काय बिघडते

पहिली कडी, दाब पोचण्याची. चाक खालीवर होते आणि वळतेही, म्हणून तेथपर्यंतची शेवटची नळी रबरी असते. वर्षानुवर्षांनी हे रबर आतून फुगते. बाहेरून नळी धडधाकट दिसते आणि आतली वाट मात्र केसाएवढी होते. जोराने दाबलेले तेल तेथून उशिरा का होईना पुढे जाते. परंतु परत येण्यास त्यामागे तसा जोर नसतो. म्हणून लक्षण मोठे विशिष्ट असते: ब्रेक लावताक्षणी गाडी निरोगी बाजूला ओढते, आणि पाय काढल्यानंतर थोडा वेळ रोगी बाजूला ओढत राहते. तसेच एका बाजूच्या नळीत हवा शिरली असेल तर त्या बाजूचा दाब उशिरा चढतो आणि पेडल मऊ, स्पंजासारखे लागते.

दुसरी कडी, दाबणीची. पावसाळ्याचे पाणी, चिखल आणि गंज ह्यांमुळे पिस्टन आपल्या घरात चिकटतो, किंवा कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो त्या खिळ्यांवरचे ग्रीस वाळून ते घट्ट बसतात. येथे दोन प्रकार संभवतात. पिस्टन पुढे येत नसेल तर ते चाक आवरले जात नाही आणि गाडी विरुद्ध बाजूला ओढते. पिस्टन पुढे येऊन मागे जात नसेल तर चाक सतत घासत राहते आणि गाडी त्याच बाजूला ओढते. पुढे ते चाक घासून घासून फार तापले की त्याचे घर्षण उतरते, आणि आता जोराचा ब्रेक दाबला तर गाडी उलट बाजूला ओढू लागते. सकाळी डावीकडे ओढणारी गाडी घाट उतरल्यावर उजवीकडे ओढते, असे सांगणाऱ्या मालकाला पुष्कळदा वेड्यात काढले जाते. वस्तुतः त्याने अगदी अचूक लक्षण सांगितलेले असते.

तिसरी कडी, घर्षणाची. पॅडवर ग्रीस किंवा ब्रेक-ऑईल सांडले, पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झाले, अथवा एका बाजूला एका जातीचे व दुसऱ्या बाजूला दुसऱ्या जातीचे बसविले, तर दाब सारखा असूनही रोध वेगळा होतो. ह्या बाबतीत जुने ड्रम-ब्रेक विशेष हळवे. ड्रममधला एक शू असा बसविलेला असतो की, फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढून अधिकच घट्ट दाबतो. ह्या युक्तीने पायाचे श्रम वाचतात. परंतु घर्षणातला लहानसा फरकही त्यामुळे मोठा होतो. इतका की, लायनरला थोडेसे तेल लागले तर ते चाक कधी ढिले पडण्याऐवजी एकदम पकडते. आपल्या रस्त्यांवर एके काळी सर्वत्र दिसणाऱ्या जुन्या अँबॅसिडर आणि फियाट गाड्यांना चारही चाकांवर ड्रम असत. भर पावसात साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर त्यांचा पहिला ब्रेक कोणत्या बाजूला नेईल ह्याचा नेम नसे. कारण चारही ड्रम सारखे वाळत नसत. तबकडीच्या ब्रेकमध्ये हा आपोआप घट्ट होण्याचा गुण जवळजवळ नाही. म्हणून तो सरळ थांबवितो. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर ह्याने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले; परंतु १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने तबकडीच्या ब्रेकवर जिंकली तेव्हा जगाचे त्याकडे खरे लक्ष गेले. आज बहुतेक सर्व मोटारींना निदान पुढे तरी तबकड्याच असतात.

चौथी कडी टायरची. एका टायरमध्ये हवा कमी, दुसऱ्यात बरोबर. एक नवा, दुसरा झिजलेला. एक एका नमुन्याचा, दुसरा वेगळ्या. इतक्या साध्या गोष्टींनीही गाडी ओढते. हा तपास फुकट होतो, म्हणून तो सर्वांत आधी करावा.

पाचव्या कडीकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. चाक गाडीला ज्या दांड्यांनी जोडलेले असते त्या दांड्यांच्या सांध्यांत रबराची बुश असतात. ब्रेक लावला की रस्ता चाकाला मागे ढकलतो आणि गाडीचे वजन पुढे रेटते. हा सारा ताण त्या बुशांवर येतो. बुश फाटले असेल तर हलक्या ब्रेकला ते निभावून नेते. परंतु जोराचा ब्रेक बसताच चाक बोटभर मागे सरकते आणि सरकता सरकता वळतेही. म्हणजे चालकाने स्टिअरिंग हलविले नसता चाक आपणच दिशा बदलते. ब्रेक येथे पूर्णपणे निर्दोष असतो. ह्या दोषाची खूण अशी की, ओढ हळूहळू वाढत नाही. एकदम धक्का बसतो, बहुधा ‘टक्’ असा आवाज येतो, आणि पाय काढताच गाडी पुन्हा धक्क्यासरशी सरळ होते. बॉल-जॉइंट किंवा टाय-रॉडचा सांधा सैल झाला असताही असेच घडते. मागे पाटे असलेल्या गाड्यांत आस पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट ढिले झाले तर अख्खा आसच तिरका होतो. पॅड बदलले, तबकड्या बदलल्या, तरी गाडी ओढतेच, अशी तक्रार ऐकली की हे सांधे पाहावेत.

तपासाचा क्रम

आता प्रत्यक्ष तपास. प्रथम चारही टायरांची हवा गाडी थंड असता भरून घ्यावी, ब्रेक-ऑईलची पातळी पाहावी आणि चाकांच्या आतल्या अंगाला तेलाचा ओघळ आहे काय ते पाहावे. पेडल तळाला जात असेल किंवा ओघळ दिसत असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नये.

मग रहदारी नसलेल्या सरळ, कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरांच्या आसपास वेग ठेवून, मागे कोणी नाही हे पाहून, प्रथम हलका, मग मध्यम, मग जोराचा ब्रेक लावावा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी, परंतु हलके धरावे. हा प्रयोग ताशी ८० किलोमीटरांवर करण्याचे धाडस कोणी करू नये; दुप्पट वेगाला चौपट ऊर्जा असते, आणि येथे वेग तर अडीचपटीहून अधिक होतो.

ह्यानंतर चार-पाच किलोमीटर अधूनमधून ब्रेक लावीत गाडी चालवावी आणि थांबून चाकांची उष्णता पाहावी. हात लावू नये, भाजेल. तळहात चाकाजवळ न्यावा. दुरून उष्णता मोजणारे लहानसे यंत्र आता पुष्कळ गॅरेजांत असते, ते उत्तम. पुढची चाके मागच्यांहून अधिक तापणे हे स्वाभाविक आहे. तुलना करावयाची ती डाव्याची उजव्याशी. एक चाक थंड असेल तर ते काम करीत नाही. एक चाक फारच तापले असेल तर ते सुटत नाही. इतक्या साध्या परीक्षेने रोगी बाजू पुष्कळदा ठरून जाते.

पुढील काम मिस्त्रीचे. परंतु ते कसे चालते हे मालकाला ठाऊक असावे. गाडी जॅकवर, आणि जॅकवर विसंबून न राहता भक्कम घोड्यांवर उचलावी. एकाने पेडल दाबून सोडावे, दुसऱ्याने चाक हाताने फिरवून पाहावे. चाक सुटत नसेल तर हवा काढण्याचा निप्पल किंचित सैल करावा. जोराची तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकून पडला होता. रबरी नळीचा संशय बळावला. निप्पल उघडूनही चाक घट्टच राहिले, तर पिस्टन किंवा सरकते खिळे चिकटले आहेत. चाक काढल्यावर आतल्या व बाहेरच्या पॅडची जाडी पाहावी. एक झिजून पत्रा झालेले आणि दुसरे जाड असेल तर कॅलिपर सरकत नाही हे उघड आहे. शेवटी प्रत्येक बुशाजवळ पहार घालून नेटाने हलवून पाहावे. रबर फाटल्याची भेग जोर लावल्यावरच उघडते.

वाहन-तपासणी केंद्रांत रोलरचे यंत्र असते. त्यावर प्रत्येक चाकाचा रोध वेगळा मोजता येतो. ब्रिटनमधील वार्षिक तपासणीत एका आसावरील एका चाकाचा रोध जोडीदाराच्या ७० टक्क्यांहून कमी भरला तर गाडी नापास होते. ह्या यंत्राचा आणखी एक उपयोग आहे. दोन्ही बाजू यंत्रावर सारख्या भरल्या, टायर ठीक आहेत, आणि तरीही रस्त्यावर गाडी ओढते, तर पहिल्या तीन कड्या बहुतांशी निर्दोष ठरल्या. आता पाचवी पाहा, असे यंत्रच सांगते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, गाडी ज्या बाजूला ओढते त्याच बाजूचा ब्रेक बिघडला. पुष्कळदा उलट असते. डावीकडे ओढणाऱ्या गाडीचा डावा ब्रेक आपले काम चोख करीत असतो. कामचुकार असतो तो उजवा. ओढणाऱ्या बाजूचा ब्रेक ‘जरा सैल करून द्या’ असे सांगणारे मालक भेटतात, आणि तसे करून देणारे मिस्त्रीही भेटतात. गाडी मग सरळ थांबते खरी. परंतु दोन्ही बाजूंनी वाईट थांबते. हा उपाय नव्हे, हा दोषाचा समभाग वाटा झाला. दुसरा गैरसमज काटकसरीचा. बिघडलेल्या बाजूचेच पॅड बदलले की झाले, असे वाटते. पॅड, लायनर आणि तबकड्या नेहमी एका आसावर जोडीने बदलाव्यात. नवे आणि जुने ह्यांचे घर्षण सारखे नसते. एका बाजूचे पैसे वाचविताना आपण तोच दोष पुन्हा विकत घेतो.

मागची चाके

आतापर्यंत पुढच्या चाकांविषयी बोललो. मागच्या चाकांचा प्रकार निराळा आहे. आपल्या उदाहरणातल्या मोटारीच्या मागच्या आसावर उभे असता ४५० किलो भार असेल, तर जोराच्या ब्रेकला तो ३०० किलोंच्या खाली येतो. हलक्या झालेल्या चाकांना नेहमीइतकाच ब्रेक लागला तर ती फिरणे बंद होऊन घसरू लागतात. घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते. ते पुढे जसे सरकते तसेच बाजूलाही सरकते. पुढची चाके घसरली तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ जाते. मागची आधी घसरली तर गाडीची शेपूट पुढे येऊ पाहते आणि गाडी गरकन फिरते. स्टिअरिंगला हिसका नाही आणि मागचा भाग सरकला, तर शोध मागे घ्यावा. अनेक गाड्यांत मागचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप असते. ती बिघडली, किंवा मागचे टायर गुळगुळीत झाले, तर हे संकट ओढवते.

दोषाचेच औषध

नव्या गाड्यांत हे सर्व प्रश्न संपले आहेत काय, असे कोणी विचारील. ब्रेकच्या नळ्या आता दोन स्वतंत्र भागांत असतात. पुष्कळ गाड्यांत पुढचे डावे व मागचे उजवे चाक एका भागात, आणि उरलेली दोन दुसऱ्या भागात असतात. एक भाग निकामी झाला तरी दुसरा चालतो; मात्र अशा वेळी पुढचे एकच चाक आवरले जाऊन गाडी त्या बाजूला ओढणार. म्हणून रचनाकारांनी चाकाचा वळण्याचा आस असा कलता ठेवला की, अधिक आवरलेले चाक आपणच किंचित उलट बाजूला वळून ती ओढ भरून काढते. १९७२ सालच्या ऑडी ८० ह्या मोटारीत ह्या दोन्ही योजना एकत्र होत्या. हे फायद्याचे असले तरी त्यात एक तोटा आहे: लहानसा दोष त्याखाली झाकला जातो.

चाक घसरू न देणारी ए.बी.एस. ही योजना बॉशने १९७८ साली मर्सिडीजच्या मोटारीत आणली. आपल्या देशात २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. परंतु ती चाक अडण्याच्या बेतात येते तेव्हाच जागी होते. दुबळ्या ब्रेकला ती बळ देऊ शकत नाही. १९९५ साली त्यापुढचे पाऊल पडले. गाडी भलत्या दिशेला फिरू लागली तर यंत्र आपणच एखाद्या चाकाचा ब्रेक लावून तिला सरळ करते. डावा बैल आवरण्याची गाडीवानाची जुनी युक्तीच येथे विजेच्या चपळाईने योजिली आहे. जो असमतोल आपण दोष म्हणून शोधत होतो, तोच मापून दिला असता औषध झाला. परंतु औषध देणाऱ्या यंत्रालाही धड चालणारा ब्रेक, धड टायर आणि धड बुश लागतात. मोडक्या हाताने उत्तम वैद्यही उपचार करू शकत नाही.

ब्रेकच्या वेळी गाडी ओढू लागलीच तर काय करावे, तेही सांगून ठेवतो. स्टिअरिंग घट्ट धरून गाडी आपल्या मार्गात ठेवावी, उलट बाजूला गरकन वळवू नये. ए.बी.एस. नसलेल्या गाडीत पायाचा जोर थोडा कमी करून पुन्हा द्यावा. असलेल्या गाडीत पेडल थरथरले तरी दाबून ठेवावे. गाडी थांबली म्हणजे प्रकरण संपले असे मात्र समजू नये. त्याच दिवशी ती तपासावयास न्यावी, आणि तेथे ‘ब्रेक बघा’ एवढे मोघम न सांगता कोणत्या बाजूला, केव्हा, थंड की तापल्यावर, हिसक्याने की हळूहळू, हे सांगावे. मिस्त्रीचा अर्धा दिवस आणि आपले बरेच पैसे त्याने वाचतील.

आणि ज्यांची गाडी आज उत्तम चालते आहे त्यांनीही वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात एकदा जोराचा ब्रेक लावून पाहावा. त्याला पाच मिनिटे लागतात. गाडी सरळ थांबली तर निश्चिंत व्हावे. हातभर जरी बाजूला गेली, तरी ताशी ६० किलोमीटरांवर ती किती जाईल आणि तेथे कोण उभे असेल, ह्याचा विचार करून दुसरे काम हाती घेण्यापूर्वी ती दुरुस्त करावी.